सासूबाई रोज मिस्साला जातात, मला मात्र कम्युनियन नाही: एका ताईंच्या प्रश्नाचं उत्तर

कोल्हापुरातल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचं माहेर प्रॉटेस्टंट. पणजोबांपासून सगळी वायल्डर मेमोरियल चर्चची मंडळी. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या कॅथलिक घरात आल्या. सासूबाई पाऊस असो, थंडी असो, रोज पहाटे उठून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जातात आणि तोवर चहाचा घोटही घेत नाहीत. ताईंचे प्रश्न तीन. रोज तेच ऐकून आणि तीच पांढरी चकती, म्हणजे कम्युनियन, जिभेवर ठेवून त्यांना मिळतं काय? माहेरी प्रभुभोजन महिन्यातून एकदा असायचं आणि मी ते घ्यायची, मग इथं फादर मला का देत नाहीत, मी ख्रिस्ती नाही का? आणि तिसरा, जरा चाचरत विचारलेला: मिस्साहून आल्या आल्या सासूबाई कामवाल्या मावशींवर खेकसतात, तर मग त्या कम्युनियनचा उपयोग काय?

मी इथंच शाळामास्तर होतो. माझं घर मूळ आजऱ्याकडचं. चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देतो आणि आजारी, म्हाताऱ्या माणसांच्या घरी कम्युनियन घेऊन जातो. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, पण हे तिन्ही प्रश्न मला इतक्या घरांत विचारले गेलेत की त्यांची उत्तरं शोधणं भागच पडलं.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो मनाला लागलेला दिसतो.

ताई, तुम्ही ख्रिस्तीच आहात. पाण्यानं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावानं झालेला तुमचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च पूर्णपणे खरा मानतं. उद्या तुम्ही स्वखुशीनं कॅथलिक व्हायचं ठरवलंत तरी पुन्हा बाप्तिस्मा होणार नाही. श्रद्धेची कबुली आणि दृढीकरण संस्कार, एवढंच. तेव्हा फादर तुम्हाला कम्युनियन देत नाहीत याचा अर्थ ते तुम्हाला परकं समजतात असा कुणी लावला असेल, तर तो डोक्यातून काढून टाका.

मग अडचण कुठं आहे? रांगेत पुढं गेल्यावर फादर म्हणतात, "ख्रिस्ताचे शरीर," आणि घेणारा म्हणतो, "आमेन." त्या एका शब्दात माणूस दोन गोष्टी जाहीरपणे कबूल करतो. समोर आहे ते खरोखर ख्रिस्ताचं शरीर आहे, ही एक. आणि या वेदीभोवतीचं जे चर्च आहे, बिशप आणि पोप यांच्यासकट, ते माझं आहे, ही दुसरी. तुमची श्रद्धा अजून तिथं नसेल तर तुमच्याकडून ही कबुली वदवून घेणं म्हणजे भर चर्चमध्ये तुम्हाला खोटं बोलायला लावणं. कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं ८४४ वं कलम यासाठीच आहे. त्यात अपवादही आहेत: मरणाचा धोका, किंवा बिशपांनी तितकीच गंभीर ठरवलेली गरज; त्यातही स्वतःच्या पाळकांपर्यंत पोचता येत नसेल, या संस्काराबद्दल कॅथलिकांसारखीच श्रद्धा असेल आणि माणसानं आपणहून मागितलं असेल, तर. मिश्र लग्न झालं म्हणून अपवाद आपोआप लागू होत नाही. त्याच कलमामुळं तुमच्या यजमानांनीही तुमच्या माहेरच्या चर्चमध्ये प्रभुभोजन घ्यायचं नसतं. हे त्यांना कुणी सांगितलं नसेल तर सांगा. नियम एकट्या सुनेलाच असतो असं वाटायला नको.

हा नियम दुखतो. एका घरातून निघून एकाच बाकावर बसायचं आणि मग एकानं उठायचं, दुसऱ्यानं बसून राहायचं, हे सुखाचं नाही. पण ही फूट तुम्ही दोघांनी पाडलेली नाही, पाचशे वर्षांपूर्वी पडली आहे, आणि ती नाहीच असं भासवून मिटत नाही. काही ठिकाणी कम्युनियन न घेणारे छातीवर हातांची फुली करून रांगेत जातात आणि फादर आशीर्वाद देतात. आपल्याकडं चालतं का, ते फादरांना विचारा. नाही म्हणाले तर बाकावर बसून प्रार्थना करा. त्यात कमीपणा काही नाही.

आमचे हिंदू शेजारी हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनं विचारतात. अंबाबाईच्या देवळात प्रसाद येईल त्याला मिळतो, जात-धर्म कुणी विचारत नाही. तुमच्याकडं का विचारतात? नाताळच्या मध्यरात्री मित्रांबरोबर आलेली पोरं कधीकधी भाबडेपणानं रांगेत उभी राहतात, तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. मी त्यांना सांगतो, प्रसाद घेताना तुम्हाला काही कबूल करावं लागत नाही, तो नुसता हात पुढं करून घ्यायचा असतो. इथं आधी बाप्तिस्मा, मग तयारी, मग कबुली, आणि मगच हात. कॅथलिकांनाही सरसकट मिळत नाही. गंभीर पाप केल्याची जाणीव असेल त्यानं आधी कन्फेशनला, म्हणजे फादरांपाशी पापांची कबुली द्यायला, जायचं असतं. त्यामुळं रांगेत न उठलेला माणूस परधर्मीच असेल असं नाही. काय कारणानं तो बसून राहिला हे कुणी विचारू नये, अशी आपल्याकडं रीत आहे. निदान असायला हवी.

आता पहिला प्रश्न. सासूबाईंना मिळतं काय?

आधी ते आहे काय, ते सांगतो. चकती गव्हाच्या पिठाची आणि पाण्याची. मीठ नाही, यीस्ट नाही, साखर नाही. घातली तर चालतच नाही. सोबत द्राक्षाची शुद्ध वाइन आणि तिच्यात पाण्याचे थेंब. फादर येशूचे शेवटच्या भोजनातले शब्द उच्चारतात, आणि कॅथलिक श्रद्धेप्रमाणं त्यानंतर वेदीवर भाकर उरत नाही, वाइन उरत नाही. दिसायला तसंच, चवीला तसंच, वजनाला तेवढंच. तपासायला नेलं तर गहूच सापडेल, आणि गव्हातलं ग्लुटेन ज्यांना सोसत नाही त्यांना त्रासही होईल. म्हणून त्यांच्यासाठी अगदी कमी ग्लुटेनच्या चकत्या असतात. पण हे काय आहे असं विचाराल तर उत्तर एकच: येशू ख्रिस्त, पूर्ण आणि जिवंत. १५५१ साली कॅथलिक बिशपांच्या ट्रेंटमधल्या धर्मसभेनं हे नेमक्या शब्दांत मांडलं, पण श्रद्धा त्याच्या कितीतरी आधीची. आमच्याकडं बहुतेक वेळा लोकांना पेला मिळत नाही, नुसती चकतीच मिळते, हेही तुम्हाला खटकलं असेल. चकतीतही ख्रिस्त पूर्ण असतो आणि पेल्यातही, म्हणून एकातच सगळं मिळतं. तरीही मला विचाराल तर दोन्ही मिळावं, ते अधिक शोभतं. चर्चनंही त्याला दार उघडून ठेवलं आहे.

तुमच्या माहेरची परंपरा अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनची. मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, तिथून ती सुरू होते. त्या परंपरेचा मूळ शिक्षक सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन. प्रभुभोजन म्हणजे नुसती आठवण, असं तोही म्हणत नाही. पवित्र आत्म्याच्या द्वारे श्रद्धावंत खरोखर ख्रिस्ताशी जोडला जातो; भाकर मात्र भाकरच राहते, असं त्याचं म्हणणं. तेव्हा "तुमची आठवण, आमचं खरं" असा सोपा हिशेब कुणी मांडला तर ऐकू नका, मांडणारा आमच्यातला असला तरी.

फरक पडतो तो विधी संपल्यावर. आमच्याकडं उरलेल्या चकत्यांत ख्रिस्त तसाच राहतो. म्हणून त्या टॅबर्नॅकल नावाच्या छोट्या कपाटात ठेवतात, जवळ लाल दिवा अखंड तेवत असतो, आणि सासूबाई आत शिरताना गुडघा टेकतात तो त्या दिशेनं. वेदीवर अंथरलेल्या चौकोनी कापडावर कण पडला तरी फादर तो बोटानं टिपून घेतात. ताटली आणि पेला पाण्यानं विसळतात आणि ते पाणी पिऊन टाकतात. बाहेरून बघणाऱ्याला हे अति वाटतं. पण श्रद्धा डोक्यात असते तेव्हा ती अशीच बोटांत उतरते.

रोज जाण्याची सवय मात्र फार जुनी नाही, हे आमच्यातल्याही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मध्ययुगात लोक मिस्साला यायचे, बघायचे आणि घरी जायचे. कम्युनियन क्वचित घ्यायचे. इतकं क्वचित की १२१५ साली लॅटरनच्या धर्मसभेला नियम करावा लागला: वर्षातून निदान एकदा, ईस्टरच्या सुमाराला, घ्याच. पुढंही शेकडो वर्षं "आपली तेवढी लायकी कुठली" म्हणून लोक लांबच राहिले. पोप दहावे पायस यांनी ते बदललं. १९०५ साली त्यांच्या काळात हुकूम निघाला की गंभीर पाप नसलेल्या आणि चांगल्या हेतूनं येणाऱ्या कुणालाही रोज कम्युनियन घ्यायला अडवू नये. १९१० साली मुलांच्या पहिल्या कम्युनियनचं वय सातच्या आसपास आणलं. म्हणजे सासूबाईंची ही "परंपरा" सव्वाशे वर्षांच्या आतलीच आहे.

चहाचं म्हणाल तर त्यांना सांगा, आता नियम एका तासाचा आहे, आणि तोही कम्युनियनच्या आधीचा, मिस्साच्या आधीचा नव्हे. पूर्वी मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा चालत नसे. १९५३ साली पाण्याला सूट मिळाली, १९५७ साली उपास तीन तासांवर आला आणि २१ नोव्हेंबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी तो तासावर आणला. त्यानंतर आठवड्याभरातच मुंबईत जागतिक युखरिस्ट परिषद (युखरिस्ट म्हणजे हाच संस्कार) भरली आणि तिला ते स्वतः आले. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना तासाचीही अट नाही. औषध आणि पाणी सगळ्यांनाच चालतं. साखरेचं दुखणं असलेल्या किती तरी बायका उपाशीपोटी येऊन बाकावर घामाघूम होतात. मी त्यांना दर वेळी सांगतो, त्या दर वेळी मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशीच येतात.

रोजच्या मिस्साला अर्धा तास लागतो. "तेच ते" असं तुम्ही म्हणता, ते निम्मं बरोबर आहे. वेदीवरचा भाग रोज तोच असतो. वाचनं मात्र बदलतात. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, आठवड्याच्या दिवसांची पहिली वाचनं दोन वर्षांच्या, आणि येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांचा बहुतेक भाग दरवर्षी कानावरून जातो. कॅथलिकांना बायबल येत नाही असं तुमच्या माहेरी म्हणतात, आणि रविवारपुरत्या येणाऱ्यांच्या बाबतीत ते फारसं खोटं नाही. पण रोज जाणाऱ्या बाईनं चार दशकांत जेवढं बायबल ऐकलेलं असतं, तेवढं घरी कपाटात ठेवणाऱ्यांनी वाचलेलं नसतं. तिला अध्याय आणि ओवी सांगता येणार नाही, गोष्ट मात्र सांगता येईल. करून बघा.

आणि मिळतं काय? रोज काहीतरी वाटतं का, अशी तुमची अपेक्षा असेल तर सासूबाईच सांगतील की नाही वाटत. बहुतेक दिवस लक्ष भाजीवर, गॅसवर, मुलाच्या नोकरीवर असतं. फादरांचंही कधीकधी असतं. कम्युनियन वाटण्यावर चालत नाही. येशू म्हणाला घ्या आणि खा. तुम्हाला काय वाटलं ते मला कळवा असं म्हणाला नाही.

तरीही या गोष्टीची भूक असते, हे मी टाळेबंदीत पाहिलं. २०२० च्या मार्चमध्ये चर्च बंद झाली, अंबाबाईचं देऊळ बंद झालं, सगळंच बंद. मिस्सा मोबाईलवर दिसायची. नातवंडं आजीला फोन लावून द्यायची आणि आजी पदर सावरून फोनसमोर गुडघे टेकायची. कम्युनियनच्या वेळी "आत्मिक कम्युनियन"ची प्रार्थना म्हणायची: आता तुला संस्कारात घेता येत नाही, निदान माझ्या मनात ये. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं उघडली ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला. त्यानंतरच्या पहिल्या मिस्साला मास्कमधून "आमेन" म्हणतानाचे आवाज मला अजून आठवतात. प्रवचन काय होतं ते मात्र अजिबात आठवत नाही.

आता आजाऱ्यांच्या घरचं सांगतो, कारण ही गोष्ट मला चर्चपेक्षा तिथं जास्त समजली.

१९७३ सालापासून, गरज असेल तिथं, माझ्यासारख्या संसारी माणसांनाही कम्युनियन नेण्यासाठी नेमता येतं. मिस्सानंतर फादर एका छोट्या गोल धातूच्या डबीत मोजक्या चकत्या देतात. डबी पाकिटात, पाकीट गळ्यात, शर्टाच्या आत. तिथून सरळ घरी जायचं. वाटेत चहा नाही, भाजी नाही, कावळा नाक्याला ओळखीचा कुणी भेटला तर हात वर करून पुढं. घरच्यांना आदल्या दिवशी फोन केलेला असतो. खाटेजवळ स्टूल, त्यावर पांढरा रुमाल, क्रूस, मेणबत्ती आणि वाटीत पाणी. एवढी तयारी असली की पुरे. काही घरी अगरबत्तीही लावलेली असते. मी काही बोलत नाही, दम्याचा पेशंट असेल तरच विझवायला सांगतो.

राजारामपुरीच्या एका गल्लीतल्या आजींकडं मी बरीच वर्षं जात होतो. अर्धांगानं एक बाजू गेलेली, गिळायला त्रास. पूर्ण चकती द्यायची सोय नव्हती. मी तिचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा करून चमच्यातल्या पाण्यात ठेवायचा, सून त्यांची मान जरा उचलून धरायची, आणि गिळलं की नाही ते बघायला मी थांबायचा. उरलेला भाग मी घ्यायचा, चमचा आणि डबी विसळून ते पाणीही प्यायचा. बारीकशा तुकड्यातही ख्रिस्त अख्खाच असतो, ही शिकवण मी मुलांना फळ्यावर लिहून देतो. त्या चमच्यापाशी ती मला स्वतःला पटली.

पण आजींना त्याहून वेगळं काही हवं असायचं. प्रार्थना संपली की त्या विचारायच्या, "आज कोण कोण आलेलं?" मग मी हजेरी सांगायची. अमुक आला, तमक्याची बायको एकटीच आली, कोपऱ्यातल्या बाकावरचा म्हातारा दिसला नाही. त्या लक्षात ठेवायच्या. पुढच्या वेळी म्हणायच्या, "तो दोन आठवडे नाही म्हणजे दवाखान्यात असणार, जाऊन या." एकदा तो खरोखरच दवाखान्यात होता, आणि आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. अंथरुणाला खिळलेली बाई पूर्ण पॅरिशचं, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीचं, हजेरीपुस्तक सांभाळत होती. त्यांच्या लेखी कम्युनियन म्हणजे येशू आणि ती बाकावरची सगळी माणसं, एका चकतीत. त्यातली माणसं वगळून नुसता येशू आजींनी घेतला नसता.

हे काही आजींनी नव्यानं शोधलेलं नाही. दुसऱ्या शतकात, साधारण १५५ च्या सुमाराला, जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकानं रोमच्या बादशहाला आपण रविवारी काय करतो ते लिहून कळवलं. वाचन होतं, प्रवचन होतं, भाकर आणि पेल्यावर आभाराची प्रार्थना होते, सगळ्यांना वाटलं जातं, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडं सेवक नेऊन देतात. त्याच दमात तो पुढं सांगतो की ऐपत असलेले लोक पैसे देतात आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे लोक यांची सोय होते. कम्युनियन आणि मदतपेटी त्यानं एकाच परिच्छेदात लिहिली आहेत. आम्ही पुढं त्यांची दोन खाती केली.

इथून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडं येतो.

बायबलमधल्या, प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा ११ वा अध्याय उघडा. तुमच्या माहेरी प्रभुभोजनाच्या वेळी यातलीच वचनं वाचत असणार: "हे माझे शरीर आहे, माझ्या स्मरणार्थ हे करा." शुभवर्तमानं लिहिली जाण्याच्याही आधीची ही नोंद आहे. पण ती वचनं पौलानं कशासाठी लिहिली ते पाहा. करिंथमध्ये लोक एकत्र जमायचे, जेवायचे आणि मग भाकर मोडायचे. ज्यांच्याकडं होतं ते आधीच खाऊन मोकळे व्हायचे. ज्यांच्याकडं काही नाही ते भुकेले राहायचे. पौल चिडून विचारतो, तुम्हाला खायला घरं नाहीत का? ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का? आणि त्या भांडणाच्या मध्ये तो शेवटच्या भोजनाची ती वचनं आणून ठेवतो. पुढं म्हणतो, शरीर न ओळखता जो खातो-पितो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. म्हणजे अयोग्यपणे कम्युनियन घेणं याचं बायबलमधलं पहिलं उदाहरण गरिबाला जेवणात वेगळं काढणं हे आहे.

म्हणून तुमचा मावशींचा प्रश्न अवांतर नाही. तो थेट वेदीवरचा आहे. फक्त मी खेकसण्यापाशी थांबणार नाही, एक पाऊल पुढं जाऊन विचारेन: तुमच्या घरात मावशींचा कप वेगळा आहे का? त्या चहा कुठं बसून पितात? कोल्हापूरकरांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. शाहू महाराज अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायले तेव्हा उभ्या गावाला कळलं की महाराज काय म्हणतायत. पण आमच्या किती तरी ख्रिस्ती घरांत, रोज एका ताटलीतून ख्रिस्तशरीर घेणाऱ्यांच्या घरांत, मोरीजवळच्या फळीवर तो वेगळा कप अजून आहे. मी डोळ्यांनी पाहिलाय. आणि बिशपांना पत्र लिहिण्याआधी, चर्चचा रंग कुठला द्यावा यावर मीटिंगा घेण्याआधी, तो कप हलवणं हे आपलं काम आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र यावरून "सासूबाईंच्या कम्युनियनचा उपयोग नाही" असं मी म्हणणार नाही. कम्युनियन चांगल्या माणसांना मिळणारं बक्षीस नसतं. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, रोमला मरणाच्या वाटेवर नेलं जात असताना, अंत्युखियाचे बिशप इग्नाती यांनी तिला अमरत्वाचं औषध म्हटलं होतं. पोप फ्रान्सिस यांनीही २०१३ साली लिहिलं की ती परिपूर्ण लोकांचं पारितोषिक नसून दुबळ्यांसाठी औषध आणि अन्न आहे. औषध घेणारा माणूस आजारी दिसला म्हणून आपण औषधाला दोष देत नाही. सासूबाई मिस्साला गेल्या नसत्या तर त्या कशा असत्या, हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. त्यांनाही कदाचित नसेल. रोज मिस्साच्या सुरुवातीला त्या छातीवर हात ठेवून "माझा अपराध" म्हणतात. तो अपराध कुठला, हे त्या तुम्हाला सांगणार नाहीत, पण त्यात मावशी कधीच येत नसतील असं धरून चालू नका.

म्हणून एक विनंती. करिंथकरांचा अध्याय त्यांच्या तोंडावर मारू नका. त्यानं दोनच गोष्टी होतील: त्या तुमच्यावर चिडतील आणि पौलावरही. त्याऐवजी त्या घरी येतात त्या वेळी तीन कप ओता. एक त्यांना, एक मावशींना, एक तुम्हाला, एकाच टेबलावर. बोलायचं काही नाही. पहिल्या दिवशी मावशीच संकोचतील, सासूबाई नंतर. ही गोष्ट करायला तुम्हाला कम्युनियनची परवानगी लागत नाही.

मिस्सा रोज न जाऊ शकणाऱ्यांबद्दल थोडं. रोज जाणं ऐच्छिक आहे; बंधन रविवारचं. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करणारी आमची पोरं आहेत, सुट्टी सोमवारी, रविवारी पाळी. त्यांना अपराधी वाटतं. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणूनच धरली जाते, ती गाठता आली तर गाठावी. तीही जमली नाही आणि भट्टी सोडून येणं शक्यच नव्हतं, तर ते पाप नाही. कामावरची मजबुरी हे खरं कारण आहे. अर्थात सोमवारी दिवसभर क्रिकेट खेळून "वेळच मिळत नाही" म्हणणाऱ्याला मी हे सांगत नाही. कोल्हापूर जिल्हा २००५ पासून सिंधुदुर्ग धर्मप्रांतात, म्हणजे तिथल्या बिशपांच्या हद्दीत, आहे. त्याआधी आपण पुण्याच्या धर्मप्रांतात होतो. आमच्या इथल्या कॅथलिकांची संख्या लहान, अंतरं मोठी. काही वाड्या-वस्त्यांवर फादर महिन्यातून एखाद्या वेळीच पोचतात. रोज मिस्सा मिळणं ही शहरातली चैन आहे, हे सासूबाईंनाही कधीतरी आठवावं.

सासऱ्यांच्या नावानं सासूबाई फादरांना मिस्सा करायला सांगतात आणि पैसे देतात, त्यावरूनही तुमच्या माहेरी कुणीतरी काहीतरी बोललं असेल. ती मिस्साची किंमत नव्हे. वेदीवर आपल्या माणसाची आठवण व्हावी म्हणून दिलेली ती देणगी असते. फादरांनी यात व्यापाराचा नुसता भासही होऊ देऊ नये असं कायद्यातच लिहिलंय, आणि ज्याच्याकडं काही नाही त्याच्यासाठीही मिस्सा करायची असते. कुठं दर सांगून अडवणूक झाली तर तक्रार करा, बिनधास्त.

शेवटी तुम्ही न विचारलेली, पण पुढं येणारच अशी गोष्ट. लग्नाच्या वेळी तुमच्या यजमानांनी मुलांना कॅथलिक वाढवण्याचा आपल्याकडून होईल तो प्रयत्न करीन असं वचन दिलेलं असणार. तुमच्याकडून ते घेतलेलं नसतं, फक्त तुम्हाला त्याची कल्पना दिलेली असते. मूल तिसरी-चौथीत गेलं की पहिल्या कम्युनियनचे वर्ग सुरू होतात. मुलाला दोनच गोष्टी कळायला हव्यात: ही साधी भाकर नाही, आणि ही भक्तीनं घ्यायची आहे. पाठांतर कमी पडलं तर चालतं. त्या वर्गात आया बसतात, आणि प्रॉटेस्टंट आयाही बसलेल्या आहेत. बायबलची गोष्ट सांगायची वेळ आली की मी मुद्दाम त्यांनाच उभं करतो, कारण त्यांना ओवी क्रमांकासह येते. तुम्ही या. यजमानांनाही बरोबर आणा. बापांची हजेरी माझ्या वर्गात फार कमी असते.